एचआयव्हीसोबतचा उपदंश : जाड खपल्या, 'निगेटिव्ह' व्हीडीआरएल आणि धूसर झालेला डोळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६. चार महिन्यांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं, तेव्हापासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या नियमित चालू आहेत आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) १९० वरून २८० वर आला आहे. दोन महिन्यांपासून पाठीवर, छातीवर आणि चेहऱ्यावर थरावर थर चढलेल्या जाड खपल्यांचे व्रण आहेत. आधी बुरशी म्हणून, मग सोरायसिस म्हणून मलमं लावून झाली. महिन्याभरापूर्वी केलेली व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्तचाचणी 'नॉन-रिॲक्टिव्ह' (निगेटिव्ह) होती, आता दुसऱ्या लॅबमध्ये तीच १:२५६ आली आणि टीपीएचए ही उपदंश पक्का करणारी चाचणीही पॉझिटिव्ह आली. तुम्ही विचारता की ही खरोखर गरमी, म्हणजे उपदंश (सिफिलिस), आहे का, दोन रिपोर्टांपैकी खोटा कोणता, आणि कमरेवरचं एक इंजेक्शन पुरेल की तीन घ्यावी लागतील. शेवटी जाता जाता लिहिलंय की आठवड्याभरापासून उजव्या डोळ्याला धूसर दिसतं आणि काळे ठिपके तरंगतात.

खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. त्वचेवरचे व्रण कितीही भयंकर दिसत असले तरी ते बरे होतील. डोळ्याचं तसं नाही. उपदंशाने आतला पडदा किंवा डोळ्याची नस सुजली असेल आणि उपचाराला उशीर झाला, तर गेलेली नजर पुरती परत येईलच असं नाही. म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी एवढं ठरवा: उद्या सकाळी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा, आणि 'मला एचआयव्ही आहे, व्हीडीआरएल १:२५६ आहे' हे दोन्ही स्वतःहून सांगायचं. ते न सांगितल्यास डोळ्याच्या सुजेवर नुसती स्टेरॉइडं सुरू होण्याचा धोका असतो, आणि पेनिसिलिनशिवाय पोटातून दिलेलं स्टेरॉइड उपदंशात नुकसान करतं.

आता बाकीचं क्रमाने बघू. तपासल्याशिवाय ठाम निदान कोणीच सांगू नये, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून विचार कसा करायचा हे सांगता येतं.

पुस्तकातला उपदंश पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) एकच, न दुखणारा, कडक कडांचा व्रण येतो आणि जांघेत अवधाण येतं. व्रण आपोआप भरतो. मग काही आठवड्यांनी अंगभर तांबूस चट्टे उठतात, तळहात-तळपायांवर हमखास, आणि त्यांना सहसा खाज नसते. त्यानंतर सगळं शांत होतं आणि जंतू वर्षानुवर्षं आत दडून राहतो. एचआयव्ही सोबत असला की या पायऱ्या एकमेकींत मिसळतात. पहिला व्रण एक नसून तीन-चार असतात, खोल असतात, वर दुसऱ्या जंतूंची लागण होऊन दुखतातही, आणि ते भरायच्या आत अंगावर पुरळ आलेलं असतं. एचआयव्ही असलेल्या बहुतेकांना उपदंश नेहमीच्याच रूपात होतो, हेही लक्षात ठेवा. वेगळं रूप थोड्यांनाच दिसतं, पण चुकतं ते नेमकं तिथेच.

तुमच्या वर्णनातले व्रण ज्या प्रकारात बसतात त्याला मॅलिग्नंट सिफिलिस म्हणतात. त्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही. यात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इतकी सूज येते की रक्तपुरवठा तुटतो, चट्ट्याचा मधला भाग मरतो, तिथे व्रण पडतो आणि त्यावर शिंपल्यासारखे एकावर एक थर साचत जातात. सोबत ताप, अंगदुखी, वजन उतरणं असू शकतं. सीडी४ अगदी तळाला गेलेल्यांनाच हे होतं असा समज आहे. प्रत्यक्षात २०० च्या वर सीडी४ असणाऱ्यांतही हा प्रकार दिसतो, त्यामुळे 'तुमचा सीडी४ चांगला आहे, हे उपदंशाचं नसणार' हा तर्क टिकत नाही. या निदानाला आधार देणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: शोभेसा व्रण आणि शोभेसा बायोप्सीचा (त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट, खूप वरचा टायटर (रक्त किती पट पातळ करूनही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येते तो आकडा, तुमचा १:२५६), पहिल्या पेनिसिलिननंतर चढणारा ताप, आणि नंतर झपाट्याने पडणारा फरक.

तरी बायोप्सी करून घ्या असं मी सांगेन. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या अंगावर खपल्यांचे व्रण आले, तर यादी लांब असते. क्रिप्टोकॉकससारख्या बुरशीचे व्रण, पसरलेला क्षय, कांजिण्यांच्या विषाणूचं जुनाट रूप, एमपॉक्स, साधा खोल पू झालेला फोड, खरा सोरायसिस. महाराष्ट्रात यात कुष्ठरोग धरावाच लागतो. उपदंशाच्या गाठी आणि कुष्ठरोगाच्या गाठी नुसत्या डोळ्यांना फसवतात, शिवाय कुष्ठरोगात व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. चट्ट्यावर बधिरपणा आहे का, कोपराजवळची आणि गुडघ्यामागची नस जाड लागते का, हे हाताने बघायला दोन मिनिटं लागतात. टीपीएचए इथे उपयोगी पडते, कारण कुष्ठरोगामुळे ती सहसा पॉझिटिव्ह होत नाही. बायोप्सी व्रणाच्या कडेवरून घ्यावी, मधल्या मेलेल्या भागावरून नाही. उपदंश असेल तर प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गर्दी आणि सुजलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. पॅथॉलॉजिस्टला फॉर्मवर 'एचआयव्ही पॉझिटिव्ह, उपदंशाची शंका' असं लिहून दिलं की तो जंतूसाठीचे खास रंग वापरतो. न लिहिल्यास 'जुनाट सूज' एवढाच मोघम रिपोर्ट हाती येतो. मात्र बायोप्सीच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवायचे नाहीत. तुकडा घेतला की त्याच दिवशी पेनिसिलिन सुरू करता येतं.

आणि ती मलमं. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी बुरशी-जंतू-स्टेरॉइड अशी तीन-चार औषधं एकत्र असलेली क्रीमं चट्ट्यांचा लालपणा दाबतात आणि मूळ रूप पुसून टाकतात. सध्या अंगाला काहीही लावू नका. साध्या पाण्याने धुऊन कोरडं ठेवलं तरी चालेल.

आता दोन रिपोर्टांकडे. माझ्या अंदाजाने दोन्ही लॅबनी जे दिसलं तेच लिहिलं, चूक पद्धतीची होती. व्हीडीआरएलमध्ये रक्तातली प्रतिपिंडं आणि चाचणीतलं द्रव्य यांच्या बारीक गुठळ्या होतात का, हे बघतात. दोन्ही ठराविक प्रमाणात असतील तरच गुठळी धरते. प्रतिपिंडं प्रमाणाबाहेर जास्त असली, तर चाचणीतल्या द्रव्याचा प्रत्येक कण त्यांनी झाकला जातो, कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि चाचणी निगेटिव्ह वाचली जाते. याला प्रोझोन म्हणतात. एचआयव्ही आणि गरोदरपण या दोन्हींत तो जास्त आढळतो. अनेक ठिकाणी खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी रक्त पातळ न करता एकदाच चाचणी लावतात. तिथे नेमका हाच घोटाळा होतो. पहिली चाचणी झाली तेव्हा तुमच्या अंगावर महिन्याभराचे व्रण होते, म्हणजे 'अजून प्रतिपिंडंच तयार झाली नव्हती' हे स्पष्टीकरण बसत नाही, आणि आताचा टायटर १:२५६ आहे. दोन्ही धरून प्रोझोनचीच शक्यता मोठी. उपाय सोपा आहे: चिठ्ठीवर 'रक्त पातळ करून टायटर लावा' असं लिहायचं. निदान १:१६ पर्यंत पातळ केलं तरी प्रोझोन उघडा पडतो.

उलटी फसगतही होते. एचआयव्ही, हिवताप, गरोदरपण, काही सांधेविकार यांत व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येते, पण तो टायटर बहुधा १:८ किंवा त्याहून कमी असतो. १:२५६ आणि सोबत टीपीएचए पॉझिटिव्ह, यात शंकेला जागा उरत नाही. टीपीएचए मात्र एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांत जन्मभर तशीच राहते. उपचारांचा गुण आला का, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. दर सहा महिन्यांनी टीपीएचए करून घाबरणारी माणसं मी बघतो. तो खर्च वाया जातो.

डोळ्याकडे परत येऊ, कारण उपचार त्यावर ठरतात. उपदंश डोळ्यात कोणत्याही टप्प्यावर शिरू शकतो, अगदी पुरळ असतानाही. सूज पुढच्या भागात असेल तर लाली आणि उजेडाचा त्रास होतो, मागच्या भागात असेल तर डोळा पांढराशुभ्र दिसतो आणि फक्त धूसरपणा आणि तरंगणारे ठिपके असतात. लाली नाही म्हणून धीर धरायचा नाही, तो यासाठी. एचआयव्हीमध्ये पडदा सुजला की अनेकांच्या मनात आधी सायटोमेगॅलो विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा किंवा क्षय येतो. सायटोमेगॅलोचा त्रास बहुधा सीडी४ ५० च्या खाली गेल्यावर होतो. तुमच्या २८० ला तो मागे पडतो, आणि १:२५६ असताना उपदंशच पहिला धरायचा. एआरटी सुरू होऊन चारच महिने झाले आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: प्रतिकारशक्ती परतताना दबलेली सूज उफाळून येऊ शकते. त्यासाठी एआरटी थांबवायची नाही. एकही डोस चुकवू नका.

याच वेळी कान आणि मेंदूची विचारपूस करायची. माझे प्रश्न ठरलेले असतात. एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं का, कानात गुणगुण आहे का, चक्कर येते का. डोकं सतत दुखतं का, मान आखडते का. तोंड एका बाजूला वाकलं का, हात किंवा पाय काही वेळ लुळा पडला का. घरच्यांना स्वभावात किंवा स्मरणात फरक वाटतो का. तरुण माणसाला अचानक अर्धांगाचा झटका आला आणि एचआयव्ही असेल, तर उपदंशाची तपासणी झालीच पाहिजे. सीडी४ ३५० च्या खाली आणि टायटर १:३२ किंवा त्याहून वर असेल तर मज्जासंस्थेत शिरकाव झालेला असण्याची शक्यता वाढते. तुम्ही दोन्हींत बसता.

मग पाठीतलं पाणी काढायलाच हवं का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नुसता टायटर जास्त आहे, बाकी मज्जासंस्थेची एकही तक्रार नाही, तर हल्ली सरसकट पाणी काढत नाहीत. डोळ्याची सूज नेत्रतज्ज्ञाने पक्की केली आणि इतर काही तक्रार नसेल, तर पाणी न काढताही उपचार सुरू करता येतात, कारण पाण्याचा रिपोर्ट चांगला आला तरी उपचार तेच राहतात. डोकेदुखी, तोंड वाकणं, भ्रम असं काही असेल तर मात्र पाणी काढावंच. ते वाचतानाही एचआयव्ही आडवा येतो. एचआयव्हीमुळेच पाण्यात पेशी थोड्या वाढतात, म्हणून पाचच्या वर पेशी या नेहमीच्या निकषाऐवजी २० च्या वर हा आकडा जास्त भरवशाचा धरतात. पाण्यातली व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर निदान पक्कं, निगेटिव्ह आली तर सुटका नाही, कारण ती बऱ्याच रुग्णांत निगेटिव्हच येते.

आता तुमचं 'एक की तीन'. डोळा, कान, मेंदू यांपैकी काहीच नसतं, तर उत्तर 'एक' होतं. संसर्गाला एक वर्षही झालेलं नाही अशा उपदंशात बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, कमरेखाली स्नायूत, एकदाच. एचआयव्ही आहे म्हणून जादा डोस दिल्याने फायदा वाढत नाही. तीन डोस, आठवड्याला एक, हे संसर्ग वर्षापेक्षा जुना किंवा किती जुना ते माहीत नाही अशा सुप्त उपदंशासाठी. पण तुमच्या डोळ्यात सूज निघाली, तर एकही पुरणार नाही आणि तीनही पुरणार नाहीत. बेंझाथिन हळूहळू झिरपतं आणि डोळ्यात व मेंदूत जंतू मारण्याइतकं पोचत नाही. तिथे क्रिस्टलाइन पेनिसिलिन शिरेतून द्यावं लागतं: ३० ते ४० लाख युनिट दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला १.८ ते २.४ कोटी युनिट, १० ते १४ दिवस. त्यासाठी भरती व्हावं लागतं. ते शक्यच नसेल तर सेफ्ट्रियाक्सोन १ ते २ ग्रॅम रोज एकदा, १० ते १४ दिवस, हा दुसरा पर्याय. एआरटीत टेनोफोव्हिर हे औषध चालू असेल तर तसंही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासायचंच असतं. ते आधी करून घ्या, मूत्रपिंड मंद असेल तर पेनिसिलिनचा डोस बदलतो.

यात चुका कुठे होतात ते सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतःला लक्ष ठेवता येईल. पहिली चूक म्हणजे अर्धा डोस. संधिवाताच्या तापात हृदयाच्या झडपांसाठी बेंझाथिन १२ लाख देतात, आणि तीच कुपी सगळीकडे ओळखीची आहे. उपदंशाला २४ लाख लागतात. १२ लाखांच्या दोन कुप्या, दोन्ही बाजूंना एकेक. दुसरी चूक सुईची. हे औषध पाण्यात विरघळत नाही, नुसतं कालवलं जातं. बारीक सुईत ते गोठून बसतं आणि निम्मं सिरिंजमध्येच राहतं. २१ नंबरची किंवा त्याहून जाड सुई हवी, कालवल्याबरोबर लगेच आणि सावकाश टोचायला हवं. दुखू नये म्हणून डॉक्टर त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध थोडं मिसळू शकतात. बेंझाथिन शिरेत कधीही द्यायचं नसतं, त्याने हृदय बंद पडू शकतं. तिसरी चूक भरतीतली: रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा डोस चुकतो. चार तासांचं अंतर यासाठी असतं की हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. वॉर्डमध्ये डोसची वेळ स्वतः लिहून ठेवा आणि चुकला तर बोला. हाताची शीर दुखू लागली, लाल झाली, तर सलाईनची सुई बदलायला सांगा. आणि पेनिसिलिनऐवजी नुसत्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या कोणी दिल्या तर मान्य करू नका. तिला न जुमानणारे जंतू आता बरेच आहेत. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर लवकरच्या उपदंशात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस देतात, पण डोळा सुजला असताना ते पुरेसं धरू नये.

पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी, ताप, अंगदुखी, आणि चट्टे आधीपेक्षा लाल, असं होईल. टायटर इतका वर असताना ते जवळजवळ अपेक्षितच आहे. एकदम खूप जंतू मेल्याची ती प्रतिक्रिया आहे, चोवीस तासांत ओसरते, पॅरासिटामॉल पुरतं. याला ॲलर्जी समजून पेनिसिलिन बंद करणं, कागदावर 'ॲलर्जिक' असा शिक्का बसणं, हे फार महागात पडतं. ॲलर्जी म्हणजे इंजेक्शननंतर मिनिटांत अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं, रक्तदाब पडणं. म्हणूनच इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसायचं. डोळ्याची सूजही या प्रतिक्रियेत तात्पुरती वाढू शकते, ते नेत्रतज्ज्ञाच्या कानावर घालून ठेवा.

यकृताच्या चाचण्यांत अल्कलाइन फॉस्फटेज एकटंच खूप वाढलेलं दिसलं तर ते एआरटीच्या गोळ्यांवर ढकलू नका. उपदंशाने यकृताला सूज येते तेव्हा असंच चित्र असतं आणि पेनिसिलिनने ते निवळतं. नडगीचं हाड रात्री ठणकत असेल तर तेही सांगा.

पुढचा हिशेब टायटरचा. ३, ६, ९, १२ आणि २४ महिन्यांनी व्हीडीआरएल करायची, शक्यतो एकाच लॅबमध्ये. यावेळी व्हीडीआरएल आणि पुढच्या वेळी आरपीआर (तशीच दुसरी चाचणी) असं करू नका, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. टायटर दुपटीच्या पायऱ्यांनी मोजतात, म्हणून १:२५६ चा १:१२८ झाला तर त्याला काही अर्थ नाही, तेवढा फरक चाचणीतलाच असतो. दोन पायऱ्या उतरल्या, म्हणजे १:६४ झाला, तर उपचार लागू पडले. एचआयव्ही असताना हे उतरणं सावकाश होतं, वर्ष उलटलं तरी घाई करून निष्कर्ष काढू नये. काहींचा टायटर १:२ किंवा १:४ वर येऊन अडकतो आणि तिथेच राहतो, तक्रारी नसतील तर दरवेळी नवी इंजेक्शनं टोचायची गरज नाही. पण उतरलेला टायटर दोन पायऱ्या वर चढला, तर पुन्हा लागण झाली किंवा उपचार फसले असं धरायचं, आणि तेव्हा मज्जासंस्थेची तपासणी नव्याने करायची. उपदंश एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं.

तुम्ही पत्नीबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मीच विचारतो. गेल्या तीन महिन्यांत संबंध आला असेल, तर त्यांची व्हीडीआरएल निगेटिव्ह असली तरी त्यांना बेंझाथिनचा एक डोस द्यायचा असतो, कारण संसर्ग नवा असताना चाचणी रिकामी येते. इतर कोणाशी संबंध आला असेल तर त्यांनाही हेच लागू. गेल्या वर्षभरातल्या सगळ्यांना निदान तपासणी तरी हवी. एचआयव्हीची चाचणी सोबतच होईल. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी आणि उपचार मोफत होतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. व्रण पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा. ताटवाट्या, टॉवेल, संडास यांतून उपदंश पसरत नाही, त्यामुळे घरात वेगळं राहायची गरज नाही. पण ओल्या व्रणांना दुसऱ्याची त्वचा लागू देऊ नका, लहान मुलांना उघड्या छातीशी घेऊ नका. आणि पत्नी गरोदर असतील किंवा तशी शक्यता असेल, तर त्यांची तपासणी तुमच्या डोळ्याइतकीच तातडीची आहे. हा जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. गरोदरपणात पेनिसिलिनला पर्याय नाही, ॲलर्जी असली तरी भरती करून शरीराला थोड्याथोड्या मात्रेने सवय लावून तेच द्यावं लागतं.